कुंगची वाटी

“कासारबाई, हात.”

शुभदा ओठ न हलवता बोलली. मी पाहिलं तर माझा उजवा हात मांडी सोडून पुढे निघाला होता, पंगतीत कुणाच्या पानात मीठ वाढायचं राहिल्यासारखा. मी तो मागे घेतला आणि डाव्या हाताखाली दाबून बसले.

“सकाळपासून तिसऱ्यांदा,” ती म्हणाली आणि तिनं वहीत काहीतरी टिपलं.

आम्ही दोघी थायलंडमधल्या चियांग माय गावात, एका बालवाडीच्या वर्गात, भिंतीला पाठ लावून बसलो होतो. खुर्च्या चार वर्षांच्या मुलांच्या मापाच्या. माझे गुडघे हनुवटीपाशी आले होते. समोर चोवीस मुलं, आणि आवाज म्हणाल तर एक पंख्याचा, एक पाणी ओतल्याचा. आमच्या विट्याच्या बालवाडीत एवढी शांतता झाली की मी धावत जायची. कुणीतरी नाकात शेंगदाणा घातलेला असायचाच.

इथं कुणी धावत नव्हतं. एक मुलगा एका जगमधून दुसऱ्या जगमध्ये पाणी ओतत होता, मग तेच पाणी परत पहिल्यात. एक मुलगी लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडाची बटणं लावत होती, सगळी लावून झाली की काढत होती. शिकवणाऱ्या क्रू माली कोपऱ्यात जमिनीवर बसून नुसत्या बघत होत्या. ‘क्रू’ म्हणजे त्यांच्याकडचं ‘बाई’.

आणि माझ्यापासून चार पावलांवर, चटईवर, एक मुलगी पितळेची वाटी घासत होती. चुकीची.

मी कासाराची मुलगी. वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं. पितळेला चिंच लावायची ती गोल हात फिरवत, बुडापासून वर, आणि कडेला अंगठ्यानं जोर द्यायचा, हे मला बाराखडीच्या आधी आलं. ही पोर कापसाचा बोळा एका बोटानं पुढे-मागे, पुढे-मागे करत होती. बुडाकडची अर्धी वाटी उजळली होती, वरची अर्धी तव्यासारखी काळपट. माझे हात असे शिवशिवत होते, की ते मांडीखाली दाबून ठेवताना मला घाम फुटला.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट.

तेव्हा विट्याच्या आमच्या शिक्षणसंस्थेच्या खोलीत बालवाडी चालवून मला एकोणीस वर्षं झाली होती. शिक्षण नववी. पुढचं जे काही आलं ते मागून आणलेल्या पुस्तकांतून आणि पोरांकडून. मग संस्थेनं ठरवलं, की बालवाडी बंद करून तिथं मोंटेसरी वर्ग काढायचा. वर्गाला एक शिक्षिका, पद एकच. त्यासाठी पुण्याचा डिप्लोमा झालेली शुभदा इनामदार आली. वय बत्तीस, साडीला पिन, बोलण्याला धार. तिला मी तोंडावर ‘मॅडम’ म्हणायची. मनात ‘शुभदी’.

आमचे अध्यक्ष शहाकाका. त्यांच्या बहिणीच्या सासरचे लोक चियांग मायला कापडाच्या व्यापारात. त्यांची नात याच बालवाडीत शिकलेली. शहाकाकांनी आम्हा दोघींना समोर बसवलं आणि म्हणाले, “दोघी जा. पाच दिवस बसून बघा. जे बघाल ते वहीत लिहून आणा. जिला बघता येतं तिला वर्ग देतो.”

“आणि दुसरीनं?” मी विचारलं.

“दुसरीचं पुढे बघू,” ते म्हणाले. त्यांचं ‘पुढे बघू’ म्हणजे काय ते शिपाई गणपतला विचारा. तो सहा वर्षं घरी बसलाय.

तर अशा आम्ही दोघी, एका विमानात, एका खोलीत, एका भिंतीला टेकून. मला थाय येत नव्हतं, इंग्रजी येत नव्हतं. क्रू माली इंग्रजी बोलायच्या आणि शुभदा ते मराठीत सांगायची. तिच्या तोंडून येईल तेवढंच माझं थायलंड.

नियम पहिल्याच सकाळी कळले. खुर्ची सोडायची नाही. मुलांशी बोलायचं नाही. कशाला हात लावायचा नाही. दर पाच मिनिटांनी जे दिसतं ते लिहायचं, जे वाटतं ते नाही.

“म्हणजे ‘पोर दमलं’ असं लिहायचं नाही,” शुभदानं फोड करून सांगितली. “‘पोरानं डोळे चोळले’ असं लिहायचं.”

दुपारी तिनं माझी वही ओढून घेतली. मी लिहिलं होतं, ‘मुलगी गोड आहे. हात नाजूक. वाटी घासायची पद्धत चुकीची.’

“हे निरीक्षण आहे की स्थळ बघायला आलात?” ती म्हणाली.

त्या मुलीचं नाव कुंग. कुंग म्हणजे कोळंबी, हेही शुभदानंच सांगितलं, हसत. “पोटच्या मुलीला कोळंबी म्हणतात! काय एकेक लोक.”

मला हसू आलं नाही. माझ्या थोरल्या भावाचं नाव दगडू. त्याच्या आधीची दोन राहिली नव्हती. कुणाची नजर लागू नये, कुणी उचलून नेऊ नये म्हणून आमच्याकडे दगड ठेवतात, यांच्याकडे कोळंबी. कुंगच्या आईशी मला एक शब्द बोलता आला नसता, पण तिची भीती मला ओळखीची वाटली.

सोमवारीच, मुलं घरी गेल्यावर, क्रू माली आमच्यापाशी आल्या. कुंगची वाटी हातात घेऊन बराच वेळ बोलत राहिल्या. वाटीच्या मध्यावरून बोट फिरवलं, मग ते बोट हळूहळू वर कडेपर्यंत नेलं आणि माझ्याकडे बघून हसल्या. पन्नाशीच्या असतील. हसल्या की डोळे मिटायचे.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“हात लावू नका म्हणाल्या.”

“एवढंच? केवढ्या बोलत होत्या.”

“इंग्रजीत लांब होतं, कासारबाई.”

खोलीवर वेगळंच युद्ध. तिला एसी लागायचा, मला सर्दी व्हायची. मी पिशवीतून चिवडा काढला की ती खिडकी उघडायची. मंगळवारी माझ्या मुलाचा फोन आला. एकोणीस वर्षांचा घोडा, विचारत होता मीठ कुठल्या डब्यात आहे. मी कौतुकानं सांगितलं, “वरच्या फळीवर, निळं झाकण.” फोन ठेवला तर शुभदा बघत होती.

“कॉलेजला जातो ना?” तिनं विचारलं.

“दुसऱ्या वर्षाला.”

“छान,” ती म्हणाली. त्या ‘छान’मुळे माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मंगळवारीही कुंगनं तीच वाटी घेतली. वर्गात प्रत्येक वस्तू एकच असते. एकानं ठेवली की दुसऱ्यानं घ्यायची. पण ती वाटी दुसरं कुणी घेत नव्हतं, का ते मला ठाऊक नव्हतं. कुंग पाऊण तास घासायची. जीभ बाहेर, कपाळावर केस चिकटलेले. मग सगळं जागच्या जागी ठेवून, ताट दोन्ही हातांत धरून, देवाला नैवेद्य न्यावा तशी फळीपर्यंत चालत जायची. आणि वाटी अर्धीच. वरची अर्धी जशीच्या तशी.

माझ्या जिवाला ते सहन होईना. एवढं लेकरू राबतंय, तिला कुणी चिंच दाखवत नाही, कुणी अंगठ्याचा जोर सांगत नाही. आणि त्या बाई कोपऱ्यात बसून गंमत बघतायत! मोंटेसरीबाईंनी असं कुठं लिहून ठेवलंय, की पोराला बुडताना बघत काठावर बसा?

बुधवारी मुलं जेवून, दात घासून, चटयांवर झोपली. तिथं दुपारी सगळा वर्ग झोपतो. क्रू माली शेजारच्या खोलीत गेल्या. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले, तर ओट्यावर वाडग्यात चिंच भिजत ठेवलेली. आपल्यासारखीच चिंच, आपल्यासारखाच वास. त्या क्षणी मला वाटलं, हे देवानंच ठेवलंय.

चिमूटभर घेतली. फळीवरून वाटी उचलली. खिडकीपाशी उभी राहिले आणि दहा मिनिटांत, फक्त दहा मिनिटांत, वाटी अशी काढली की वडील असते तर त्यांनी दुकानाच्या पुढच्या फळीवर मांडली असती. कडेला अंगठा दिला. धुतली, पदरानं कोरडी केली. वाटीत माझं तोंड दिसत होतं. तीन दिवसांत पहिल्यांदा मला परदेशात काहीतरी जमलं होतं.

शुभदा आपल्या खुर्चीवरच बसून होती. तिनं मला पाहिलं. वाटीकडे पाहिलं. ‘हात’ म्हणाली नाही. मान खाली घालून लिहीत राहिली. मला वाटलं, चला, एवढी तरी माणुसकी आहे बाईत.

मी वाटी ताटात ठेवली आणि झोपलेल्या कुंगकडे बघून लांबूनच कानशिलावर बोटं मोडली. दहाच्या दहा वाजली.

गुरुवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी खुर्चीवर जाऊन बसले, नाटकाला पहिल्या रांगेचं तिकीट असावं तशी. कुंग आली. सरळ फळीकडे गेली. ताट आणलं, चटई पसरली, बसली. वाटी उचलली.

ती वाटीकडे बघत राहिली. उलटी केली. आत पाहिलं. परत सुलटी केली. कापसाचा बोळा घेतला, वाटीला लावला नाही, खाली ठेवला. वर्गात इकडेतिकडे बघितलं, काहीतरी हरवल्यासारखं. मग सगळं उचलून ताट फळीवर ठेवून आली आणि टेबलाखाली जाऊन बसली.

ती जेवणापर्यंत टेबलाखालीच होती. क्रू माली तिच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर जाऊन बसल्या. बोलल्या नाहीत, ओढलं नाही. जेवणानंतर कुंग झोपली नाही. डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडून राहिली.

“पोर आजारी दिसतंय,” मी शुभदाला म्हटलं. “ताप असेल. सांगा ना त्यांना.”

“त्यांना माहीत आहे,” ती म्हणाली.

तीन वाजता खोलीवर आलो. शुभदा अंघोळीला गेली. पलंगावर तिची वही उघडी पडली होती. मी वाचायला नको होती. पण मी वाटीलाही हात लावायला नको होता, तेव्हा सवय नवी नव्हती.

वही उघडली आणि मला आधी काही उमगेना. सगळीकडे ‘का.बाई’, ‘का.बाई’. ‘९.१० का.बाईंचा हात उठला. ९.१५ का.बाई पुढे झुकल्या. ९.२० का.बाईंचे ओठ हलतात, मुलीला मनात सूचना देत असाव्यात.’ हे शेवटचं तिनं खोडलं होतं. वाटतं ते लिहायचं नाही ना. पानामागून पान, तीन दिवस, दर पाच मिनिटांनी मी.

मी मागे गेले. सोमवार. पानाच्या तळाशी लिहिलं होतं, ‘क्रू माली म्हणाल्या, कुंग तीन आठवडे ही एकच वाटी रोज थोडी थोडी घासते आहे. बुडापासून सुरुवात केली, आता मध्यापर्यंत आली. बाकीच्या मुलांनी ठरवून ती वाटी तिच्यासाठी सोडली आहे. तिच्या आईनं दुसरं लग्न केलं, तेव्हापासून ही वर्गात कशाला हात लावत नव्हती. ही पहिली वस्तू. ती कडेला कधी पोचते, याची मी वाट बघते आहे. कृपया कुणी हात लावू नये.’

मग बुधवार. ‘१२.४० का.बाईंनी वाटी उचलली. १२.५० वाटी पूर्ण चकचकीत. का.बाई हसल्या.’

गुरुवार मी वाचला नाही. तो मी पाहिला होता, पहिल्या रांगेतून.

शुभदा केस पुसत बाहेर आली. “माझी वही.”

“उघडी होती.”

“उघडी होती म्हणून वाचायची?”

“समोर दिसलं की मला राहवत नाही, हे तुम्हीच लिहिलंय की. सोमवारी त्या काय म्हणाल्या ते मला का नाही सांगितलं?”

“सांगितलं. हात लावू नका.”

“तीन आठवडे! तीन आठवडे ते पोर...” माझा आवाज फाटला. “आणि काल? मी चिंच लावत होते तेव्हा तू बघत होतीस.” ‘तू’ तोंडातून निसटलं, परत घेतलं नाही. “एक शब्द बोलली असतीस तर वाटी तशीच राहिली असती.”

“निरीक्षकानं मध्ये पडायचं नसतं.”

“मी काय त्या वर्गातलं मूल होते?”

“वहीत होतात.”

मी तिच्या थोबाडीत मारणार होते. खरंच मारणार होते, हात उठला होता. ती त्या हाताकडे बघत म्हणाली, “बघा. परत उठला.”

तो तसाच हवेत राहिला.

“ही माझी चौथी शाळा,” ती टॉवेलची घडी घालत म्हणाली. आवाज चढवला नाही, ते जास्त लागलं. “प्रत्येक शाळेत एक कासारबाई असते. सगळ्यांची लाडकी. डबे उघडून देणार, नाकं पुसणार, चपलांचे पट्टे लावणार. तिच्यापुढे माझं काही चालत नाही. मी पोरांना छळते आणि ती माया करते, असं गाव म्हणतं. आणि पोरं सहा वर्षांची होऊन दुसरीकडे जातात, तेव्हा त्यांना चड्डीची चेन लावता येत नाही. मला एकदा ते लिहून दाखवायचं होतं. माझ्या शब्दांत नाही. तुमच्या हातांनी.”

“आणि त्यासाठी ती पोर वापरलीस.”

तिची घडी चुकली. तिनं टॉवेल झटकला आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली. “हो,” ती म्हणाली.

मी चपला घातल्या आणि निघाले. शाळा दोन गल्ल्या सोडून होती. चालताना मला सारखं निळं झाकण आठवत होतं.

क्रू माली वर्ग पुसत होत्या. मी फळीवरची वाटी आणून त्यांच्यासमोर धरली, दुसरा हात स्वतःच्या छातीवर ठेवला. मी केलं. त्यांनी मान हलवली. माहीत होतं. मग मी वाटीवर बोट फिरवून, तोंड वाकडं करून, परत काळी, परत काळी असं दाखवायचा प्रयत्न करू लागले. एक शब्द जवळ नव्हता. जिच्याकडे होते ती खोलीवर टॉवेलाच्या घड्या घालत होती.

लहानपणी दुकानात वडील ओरडायचे, मिठाच्या हातानं भांड्याला शिवू नका, रात्रीत डाग धरतो. मी स्वयंपाकघरात गेले. मिठाचा डबा सापडेना. ओट्यावर मासळीच्या खारवलेल्या पाण्याची बाटली होती, तिथले लोक प्रत्येक जेवणावर ओततात ती. मिठापेक्षाही खारट. मी जन्मात मासळीला शिवले नव्हते. वास नाकात गेला तसा पदर नाकाला लावला. तरी चिंधी भिजवली, आणि वाटीला गुंडाळायला घेतली.

क्रू मालींनी माझं मनगट धरलं. चार दिवसांत त्यांनी पहिल्यांदाच कुणाला अडवलेलं मी पाहिलं.

त्यांनी चिंधी माझ्या हातून घेतली, तिची लांबट पट्टी केली, आणि नखानं वाटीवर एक रेघ ओढली. मध्याच्या किंचित वर. एका बाजूला थोडी चढलेली, एका बाजूला उतरलेली. कुंग बुधवारी सकाळी जिथवर आली होती ती रेघ. त्यांना ती पाठ होती. रेघेच्या वर त्यांनी पट्टी गुंडाळली. खालचं बोटानं झाकून मला दाखवलं. हे तिचं. हे तसंच राहू दे.

पितळ काळं करायला मदत करणारी ती कासाराची लेक त्या संध्याकाळी ओट्याशी उभी राहून रडली. कुणी विचारलं तर चिंधीच्या वासानं डोळ्यांत पाणी आलं असं सांगणार होते. कुणी विचारलं नाही.

शुक्रवार शेवटचा दिवस. मी खुर्चीवर बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले. शेजारी शुभदा. आदल्या दिवसापासून आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो.

कुंग आली. फळीसमोर बराच वेळ उभी राहिली. दुसरीकडे गेली, परत आली. ताट घेतलं. वाटीची वरची अर्धी तपकिरी-हिरवट, डागाडागांची झाली होती, आधीपेक्षा वाईट. तिनं वाटी नाकाशी नेली. हुंगली. तिच्या कपाळाला आठी पडली. वाटीला जेवणाचा वास का येतोय, हा विचार तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. हा विचार मी लिहिणार नव्हते. वाटतं ते लिहायचं नाही.

मग तिनं कापूस उचलला.

पंधरा मिनिटं पुढे-मागे, पुढे-मागे. डाग हलेनात. माझी बोटं मांडीखाली बधिर झाली. अंगठा, अंगठा दे, असं माझं सगळं अंग ओरडत होतं. तिनं कापूस ठेवला. मला वाटलं संपलं. तिनं वाटी पोटाशी घट्ट धरली, कापूस कडेवर दाबून ठेवला, आणि हात न हलवता वाटीच फिरवायला लागली.

आमच्या दुकानात तीन पिढ्यांत असं कुणी केलं नव्हतं. हात फिरतो, भांडं नाही. आणि तिच्या कडेवरचा डाग मात्र निघत होता. नखाएवढी जागा उजळली, मग बोटाएवढी. साडेनवाला बसलेली सव्वादहाला उठली. पाव कडा झाली होती, फार तर. तिनं सगळं जागच्या जागी ठेवलं आणि ताट घेऊन फळीकडे निघाली. जाताना माझ्यासमोर थांबली. वाटी माझ्या नाकासमोर धरली. मी हुंगली. मी तोंड वेडंवाकडं केलं. ती खुदकन हसली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी आमचं विमान होतं. कडा पुरी झाली की नाही, मला माहीत नाही.

विट्याला पोचलो त्याच आठवड्यात शहाकाकांनी बोलावलं. चष्मा कपाळावर, पुढ्यात दोन वह्या. माझी आधी चाळली. सोमवारी ‘मुलगी गोड आहे’, मंगळवारी ‘फार कष्टाळू’, पुढे कोरी. त्यांनी ती बाजूला सारली. “मॅडम, तुमचं अक्षर बारीक आहे. तुम्हीच वाचा.”

शुभदानं बुधवार वाचला. गुरुवार वाचला. स्वच्छ, सपाट आवाजात. टेबलाखाली कुंग किती वाजता गेली, किती वाजेपर्यंत बसली, मी किती वेळा विचारलं की ताप आहे का. वाचून वही मिटली.

शहाकाका माझ्याकडे बघत होते. “खरं आहे?”

“अक्षर न् अक्षर,” मी म्हटलं. “सोमवार राहिला.”

मला खोटं सांगायचं नाही. मी ते न्यायासाठी बोलले नाही. मी बुडतच होते, तिचा पाय धरून बुडायचं होतं.

शुभदानं माझ्याकडे पाहिलं. ‘सोमवारी काही विशेष नव्हतं’ एवढं म्हणाली असती तरी चाललं असतं. शहाकाकांना बारीक अक्षर वाचता येत नव्हतं. तिनं वही उघडली आणि क्रू माली जे बोलल्या होत्या ते सगळं वाचलं, ‘कृपया कुणी हात लावू नये’पर्यंत.

“हे तुम्ही यांना सांगितलं होतं?” शहाकाकांनी विचारलं.

“शेवटचं वाक्य सांगितलं. आधीचं नाही.”

“का?”

“पद एकच होतं,” ती म्हणाली.

मग कुणी न सांगता तिनं पान उलटलं आणि शुक्रवार वाचायला लागली. “९.३०, कुंगनं ताट घेतलं. का.बाईंचे हात मांडीखाली. ९.४०, डाग निघत नाहीत. का.बाईंचे हात मांडीखाली. ९.४५, कुंगनं कापूस ठेवला. का.बाईंनी डोळे मिटले. उठल्या नाहीत. ९.५०...” सव्वादहापर्यंत तिनं एकेक ओळ वाचली. प्रत्येक ओळीत माझे हात जिथं होते तिथंच होते.

शहाकाकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, परत कपाळावर ढकलला. “वर्ग तुमचा, मॅडम. बघता तुम्हालाच येतं. आणि कासारबाईंचं पुढे...”

“मदतनीस म्हणून त्या मला हव्यात,” शुभदा म्हणाली.

“या? का?”

“यांना पंचेचाळीस मिनिटं बसवता येतं, हे मी लिहून आणलंय. नवी बाई आणली तर सुरुवात पहिल्यापासून.” मग माझ्याकडे न बघता, “पण वर्गात यांची खुर्ची माझ्या समोर. मला हात दिसले पाहिजेत.”

मी तिथं ‘नाही’ म्हणून उठून जायला हवं होतं, असं माझी बहीण अजून म्हणते. माझ्याच खोलीत, माझ्या निम्माही अनुभव नसलेल्या बाईच्या हाताखाली! मी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला हजर झाले. घरी मुलाला सांगून आले, की मीठ शोधून घे.

अकरा वर्षं झाली. आमची मैत्री झाली नाही, कुणी तसं म्हटलं तर दोघीही नाक मुरडतो. अजून मी एखाद्या पोराच्या चपलेकडे वाकले, की समोरून “कासारबाई” येतंच. पण आमच्या वर्गात वाटी आहे, पितळेची, माझ्या वडिलांच्या दुकानातली. एखादं मूल महिना-महिना घासून कडेपर्यंत पोचतं, वाटीत स्वतःचं तोंड बघतं, आणि ती वाटी मग पुढच्या मुलासाठी परत तयार करावी लागते.

ते काम माझं. शनिवारी मुलं गेली की मी ओसरीत बसते, खारं पाणी कालवते आणि चकचकीत वाटी चांगली मळवते. शुभदा कुलपं लावता लावता थांबते, वाकून बघते.

“कडेला अजून चकाकतंय, कासारबाई.”

“दिसतंय मला,” मी म्हणते, आणि कडेला अंगठा देते.